गावकऱ्याचे दुकान आणि मंतरलेला टिकाव

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. वणीकडे कोळसा आणि चुनखडी, पांढरकवड्याच्या बाजूला सागाची जंगले, बाकी जिल्हाभर काळ्या जमिनीत कापूस. ज्याला जे हवे त्यासाठी हलावे लागते, किंवा कुणाला तरी ते आणून द्यावे लागते. आता समजा, गावातच एक दुकान असे निघाले, की जिथे सर्व काही नेहमी, ठरल्या भावात मिळते. मग जिल्हा हिंडेल कोण? हाच पेच एका संगणकीय खेळात पडला. आपल्या वर्गातली अनेक मुले तो खेळतात, म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे.

माईनक्राफ्ट हा खेळ स्वीडनमधल्या मोजांग या संस्थेने काढला. त्याची पूर्ण आवृत्ती 2011 मध्ये आली. ठोकळ्यांच्या जगात खणायचे, बांधायचे, भटकायचे, असा हा खेळ. त्यात अवजारे झिजतात. हिऱ्याचा टिकाव 1561 ठोकळे फोडतो आणि मोडतो. पण अवजार मंतरता येते, आणि मंत्रांत सर्वांत मोलाचा आहे तो डागडुजीचा. तो चढवला की खेळाडूने मिळवलेल्या दर अनुभव-गुणामागे टिकावाची 2 घावांची झीज भरून निघते. काळजी घेतली तर असा टिकाव कधीच मोडत नाही. मंतरण्याच्या मेजावर हा मंत्र मिळत नाही. त्याचे पुस्तक गळ टाकून किंवा पडक्या वास्तूंतल्या पेट्या धुंडाळून शोधावे लागते. किंवा मग ग्रंथपाल गावकऱ्याकडून विकत घ्यावे लागते.

गोम इथेच आहे. ग्रंथपालासमोर पुस्तक ठेवण्याचे लाकडी स्टँड मांडले की त्याचा माल ठरतो. तो आवडला नाही तर, पहिला सौदा होण्यापूर्वी, स्टँड मोडून पुन्हा मांडायचे. नवा माल येतो. नवशिक्या ग्रंथपालाकडे मंतरलेले पुस्तक असण्याची शक्यता 2/3. मंत्रांचे प्रकार सोयीसाठी 40 धरू. म्हणजे डागडुजीचे पुस्तक निघण्याची शक्यता 1/60, सरासरी 60 प्रयत्न. एका प्रयत्नाला दहा सेकंद धरले तर दहा मिनिटांचे काम! (साठ वेळा केले की हमखास मिळणार, असे मुलांना वाटते. 59/60 चा साठावा घात काढायला सांगा. तरीही न मिळण्याची शक्यता 36 टक्क्यांहून अधिक उरते.)

आता किंमत. हे पुस्तक 10 ते 38 पाचूंना मिळते, 20 धरू. बाण बनवणारा गावकरी 32 काड्यांना 1 पाचू देतो. एका ओंडक्याच्या 4 फळ्या, त्यांच्या 8 काड्या. तेव्हा 640 काड्या, म्हणजे अवघे 80 ओंडके. शिवाय भूतबाधा झालेल्या गावकऱ्याला बरे केले की तो भाव उतरवतो. त्याला पुन्हा पुन्हा बाधा करवून बरे करत राहिले, की तेच पुस्तक एका पाचूवर येई. मग गळ टाकून बसायचे कशाला आणि पडक्या वास्तूंत जीव धोक्यात घालायचा कशाला?

ऑगस्ट 2023 मध्ये मोजांगने प्रयोग म्हणून नवी घडी मांडली. ती सक्तीची नव्हती, हवी त्याने चालू करायची. गावकऱ्यांचे प्रदेशानुसार सात प्रकार आहेत: मैदान, वाळवंट, सॅव्हाना, हिमप्रदेश, तैगा, जंगल आणि दलदल. प्रत्येक प्रकारच्या ग्रंथपालाला वेगळी पुस्तके वाटून दिली. डागडुजीचे पुस्तक फक्त दलदलीतला, तेही सर्वांत वरच्या पायरीला पोचलेला ग्रंथपाल विकतो. आणि दलदलीत मुळात गावेच नाहीत! तिथे दोन गावकरी होडीतून नेऊन वसवायचे, त्यांचा वंश वाढवायचा. बरे करण्याची सवलतही त्याच वर्षी एकदाच मिळेल अशी केली.

थोडक्यात, नशिबाच्या जागी अंतर आले. मला हा बदल योग्य वाटतो, पण त्यात एक मोठी फट आहे. गावकरी कुठेही नेला तरी त्याचा प्रकार बदलत नाही. एकदा कष्ट करून सातही प्रकार घरी आणले, की अंगणात पुन्हा तेच सर्ववस्तू-भांडार. खर्च वाढला तो एकदाच, दर पुस्तकामागे नाही. मोठ्या टोळीला तो परवडतो. एकट्या नव्या खेळाडूला जड जातो.

नियम बदलला की माल नवी वाट शोधतो, हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. 1972 पासून सुमारे तीन दशके राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की सीमेवरचा कापूस आदिलाबादच्या बाजूला जाई. खेळातली होडी तेच काम करते.

दलदलीतल्या वसाहतीचे गणितही वर्गात घेण्यासारखे आहे. तिथे जन्मलेल्या पोराचा प्रकार निम्म्या वेळा जागेवरून ठरतो, उरलेल्या निम्म्या वेळा आईबापांपैकी एकावरून. दोन्ही पालक मैदानातले असतील, तर पहिल्या तीन पोरांत एकही दलदलीचे न निघण्याची शक्यता 1/8 येते.