तेराचा आकडा

संपादकांचा फोन आला तो 2 नोव्हेंबरच्या विजयानंतर. हरमनप्रीत कौरच्या संघानं नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक उचलला होता. संपादकांना त्या मैदानावर लेख हवा होता. "चिपळूणहून पनवेल, पुढे लोकल. पहाटे निघालात तर रात्री जेवायला घरी," असं म्हणून त्यांनी वेळापत्रकही सांगून टाकलं. गेलो. पहारेकऱ्यानं फाटकातूनच वाटेला लावलं. तरी समोरच्या टपरीवर चहा घेत अर्धा तास उभा राहिलो. डोक्यात भलताच सामना होता, याच मैदानावर ठरलेला आणि कधीच न झालेला.

20 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2022 या काळात महिला फुटबॉलचा आशियाई चषक महाराष्ट्रात झाला. नेरूळ, अंधेरी आणि पुण्याची बालेवाडी, तिन्ही मैदानं आपलीच. 2017 चा 17 वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक लोकांना आठवतो, कोल्हापूरच्या अनिकेत जाधवमुळे तर नक्कीच आठवतो. ही स्पर्धा मात्र कुणालाही विचारा, समोरचा तुमच्याच तोंडाकडे बघेल. करोनामुळे प्रेक्षकांना मज्जाव होता. अंधेरीत ऑस्ट्रेलियानं इंडोनेशियावर 18 गोल चढवले, तेही रिकाम्या खुर्च्यांसमोर.

स्पर्धेचा जुना इतिहास थोडक्यात सांगतो. 1975 साली हाँगकाँगला सुरुवात झाली आणि पहिला चषक न्यूझीलंडनं नेला. जानेवारी 1980 मध्ये स्पर्धा कोझिकोडला आली. यजमान भारतानं एक सोडून दोन संघ उतरवले, त्यातला एक अंतिम फेरीत पोचला आणि चायनीज तैपेईकडून 2-0 असा हरला. (तैपेई हे नाव लक्षात ठेवा.) 1983 ला बँकॉकमध्ये आपण पुन्हा उपविजेते. मग 1986 पासून चीननं सलग सात वेळा चषक जिंकला आणि आपण मागे पडत गेलो. 2003 नंतर तर मुख्य स्पर्धेत दिसलोच नाही. 2022 ला परतलो ते यजमान म्हणून.

आणि यजमानालाच एका आकड्यानं गाठलं. करोनाकाळासाठी केलेला नियम साधा होता. 23 जणींच्या संघातल्या किमान 13 जणी, त्यात एक गोलरक्षक, मैदानात उतरण्याजोग्या हव्यात. तेवढ्या नसतील तर सामना पुढे ढकलला जाणार नाही, संघानं माघार घेतली असं धरलं जाईल.

23 जानेवारीच्या रात्री साडेसातला तैपेईशी सामना होता. चिपळूणच्या घरात मी मोबाइल भांड्याला टेकवून बसलो होतो. मागच्या भिंतीवर जुलै 2021 च्या पुराची रेघ तेव्हा अजून रंगवायची होती. सामन्याऐवजी बातमी आली. अर्धाअधिक संघ करोनानं नाहीतर दुखापतीनं बाहेर, तेरा जणी भरत नाहीत. 'माघार' हा शब्द मला तेव्हाही टोचला. माघार घेणारा स्वतः मागे फिरतो. या मुली खोल्यांत कोंडलेल्या होत्या.

नियमाचं चक्र तिथंच थांबलं नाही. स्पर्धेत पहिल्यांदाच आलेल्या इराणनं 20 तारखेला आपल्याशी 0-0 बरोबरी करून पहिला गुण कमावला होता. भारत बाद झाल्यावर तो सामनाच रद्दबातल ठरला. पुढं इराणला चीननं 7-0, तैपेईनं 5-0 हरवलं, आणि त्या मुली शून्य गुणांनी घरी गेल्या. आपल्या गटात तीनच संघ उरले, म्हणून बाकीच्या गटांतल्या तिसऱ्या संघांची तुलना करतानाही चौथ्या संघाविरुद्धचे निकाल वजा करावे लागले. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. साथीत तारखा पुढं ढकलत बसलं असतं तर स्पर्धाच आटोपली नसती. पण गणित फार निर्दयी होतं.

काय गेलं ते पाहा. बारा संघांतून आठ पुढं जाणार होते. त्या आठांतल्या सहांना 2023 च्या विश्वचषकात जागा मिळाली, उरलेल्या दोघांना आणखी एक संधी. फिलिपिन्स आणि व्हिएतनाम याच स्पर्धेतून पहिल्यांदा विश्वचषकात गेले. आपले प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांचं लक्ष्य पहिल्या आठांचंच होतं. एवढं जवळ आलेलं दार परत कधी उघडेल, सांगता येत नव्हतं. आमच्या बाजूला मुलींचा शालेय संघ उभा करताना पीटीचे सर अकरा नावं जमवता जमवता घामाघूम होतात. घरचे सोडत नाहीत, बूट नसतात, मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांचा कब्जा. तेराचा आकडा आम्हाला नवा नाही.

6 फेब्रुवारीला अंतिम सामना याच नेरूळला झाला. दोन गोलांनी मागे पडलेल्या चीननं भरपाईच्या वेळेत तिसरा गोल मारून दक्षिण कोरियाला 3-2 हरवलं. त्या दिवशी सकाळीच लताबाई मंगेशकर गेल्या होत्या आणि संध्याकाळी सगळा महाराष्ट्र शिवाजी पार्कवरच्या अंत्यसंस्काराकडे डोळे लावून होता. नेरूळकडे कोण बघणार? मीही निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला.

त्यानंतर 5 जुलै 2025 ला चियांग माईमध्ये संगीता बसफोरच्या दोन गोलांवर भारतानं यजमान थायलंडला 2-1 हरवलं आणि पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशियाई चषक गाठला. यजमान म्हणून मिळालेली ही जागा नव्हे. सोडत निघाली तेव्हा गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई आले. तैपेईशी सामना ठरला 10 मार्च 2026 ला, सिडनीत.