मूल घरीच राहावे म्हणून

संकटात सापडलेल्या बालकाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बालगृहाची इमारत उभी राहते. वस्तुतः कायद्याने या इमारतीला शेवटचे स्थान दिले आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या तिसऱ्या कलमात जी मूलतत्त्वे सांगितली आहेत, त्यांनुसार मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी त्याच्या कुटुंबाची असून, त्याला संस्थेत ठेवणे हा वाजवी चौकशीनंतर योजावयाचा अखेरचा उपाय होय. हे तत्त्व कागदावरून गावात पोहोचविण्याचे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे सामाजिक कार्यकर्ते करीत असतात. हे काम फारसे कोणाच्या नजरेत येत नाही. एखादे मूल बालगृहात दाखल झाले तर त्याची नोंद होते. दाखल होण्याची वेळच आली नाही, तर ती कोण करणार?

पूर्वी विचाराची दिशा वेगळी होती. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने सुरू झालेल्या औद्योगिक शाळेपासून १९२४ आणि १९४८ च्या मुंबई बालक अधिनियमांपर्यंत भर प्रामुख्याने मुलाला वाईट परिस्थितीतून बाहेर काढण्यावर होता. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था निघाली आणि समाजकार्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण सुरू झाले. प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्रपणे अभ्यास करून त्याला साहाय्य करण्याची पद्धत हळूहळू रुजली ती त्यानंतर.

एक कुटुंब

हे काम कसे चालते, ते उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, धाराशिव या भागांतून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडावयाची असते. समजा, अशा एका जोडीतील नवरा हंगामातच परजिल्ह्यात मरण पावला. बायको तीन मुलांसह गावी परतली. उचल अंगावर आहे, घरात थकलेली सासू आहे, थोरली मुलगी तेरा वर्षांची आहे. मुलगी शाळेत येईनाशी होते. पुढच्या हंगामाच्या आत तिचे लग्न उरकावे, असे नातलग सुचवू लागतात. कारण लग्न झाले की आईची काळजी मिटते आणि नवा कोयताही उभा राहतो. धाकट्या दोघांना ‘बोर्डिंगात टाका’, असा सल्ला मिळतो. सल्ला देणारे दुष्ट असतात असे नाही. त्यांना दुसरा मार्ग ठाऊक नसतो इतकेच.

शिक्षकांकडून, अंगणवाडी सेविकेकडून किंवा १०९८ या विनामूल्य क्रमांकावरून ही माहिती कक्षाकडे पोहोचली की कार्यकर्ती गृहचौकशीसाठी गावी येते. अनुभवी कार्यकर्ती शासकीय वाहन त्या घराच्या दारात उभे करीत नाही, कारण गावात तेवढ्यानेच चर्चेला तोंड फुटते. ती आधी सासूजवळ बसते. रात्री मुले कोणापाशी झोपतात, चूल दोन्ही वेळा पेटते काय, आई कामावर गेली की धाकट्यांकडे कोण पाहते, घरात दारू आहे काय, कर्ज नेमके किती व कोणाचे, हे सारे ती जाणून घेते. परंतु ओळीने प्रश्न विचारून नव्हे. मुलीशी मात्र ती स्वतंत्रपणे, इतरांच्या कानाआड बोलते. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे आल्यास सामाजिक तपासणी १५ दिवसांच्या आत पूर्ण व्हावी आणि समितीचा अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असे कायद्याचे बंधन आहे. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि त्यांतील किमान एक महिला असावी लागते.

‘आर्थिक परिस्थिती हलाखीची, सबब बालगृहात दाखल करणे योग्य’ हे वाक्य अहवालात लिहिणे फार सोपे असते. ते वाक्य टाळण्यातच कार्यकर्त्याची कसोटी लागते. केवळ गरिबीच्या कारणास्तव मूल कुटुंबापासून तोडले जाऊ नये, ही भूमिका संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्टपणे मांडली आहे. वरील कुटुंबात उणीव आहे ती पैशाची, कागदपत्रांची आणि थोड्या आधाराची. मायेची उणीव तेथे नाही.

म्हणून पुढचे काम बव्हंशी तहसील, बँक आणि शाळा यांच्या फेऱ्यांचे असते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेतून पात्र बालकास दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ही रक्कम १,१०० रुपये होती. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वापोटी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. अर्जासोबत मृत्यूचा दाखला लागतो आणि गाडे अडते ते नेमके येथे. मृत्यूची नोंद जेथे मृत्यू झाला तेथेच व्हावी लागते आणि त्यासाठी विहित मुदत २१ दिवसांची असते. उसाच्या फडावर वारलेल्या माणसाची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत होऊ शकत नाही. एक वर्ष उलटल्यावर तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची गरज पडते. शेकडो मैल दूरच्या त्या गावाशी पत्रव्यवहार करणे हे विधवेच्या आवाक्यातील काम नव्हे. ग्रामपंचायतीने मनावर घेतल्यास मात्र ते मार्गी लागू शकते. कार्यकर्तीच्या आठवड्यातील कितीतरी तास अशा एकेका दाखल्यापायी खर्ची पडतात.

मुलीच्या लग्नाची बाब निराळी आहे. तेथे थांबून चालत नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ खाली ग्रामीण भागात ग्रामसेवकांकडे (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी आहे आणि विवाहाच्या उंबरठ्यावर असलेली बालिका ही बाल न्याय कायद्यान्वयेही काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालक ठरते. तथापि मांडवात पोलीस नेऊन लग्न थांबविले तरी उचलीचा प्रश्न शिल्लकच राहतो. मुलीला हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी ठेवून तिची शाळा चालू राहील अशी सोय झाली, तरच ते लग्न खऱ्या अर्थाने टळले असे म्हणता येईल.

घरच जेव्हा धोक्याचे असते

सर्वच घरे अशी नसतात. मारहाण करणारा किंवा लैंगिक अत्याचार करणारा घरातीलच असेल, तर कुटुंब टिकविण्याचा आग्रह मुलाच्या जिवावर बेतू शकतो. अशा वेळी २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार माहिती असलेल्या प्रत्येकावर, मग तो शिक्षक असो वा सरपंच, ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. ‘गावातच मिटवू’ हा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही. आश्रयाची गरज असलेले बालक प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. गरिबीने गांजलेले घर आणि धोक्याचे घर बाहेरून पुष्कळदा सारखीच दिसतात. त्यांतला फरक ओळखणे हा या कामातील सर्वांत कठीण भाग होय. तो एका भेटीत क्वचितच उमगतो.

आई स्वतःच मूल सोपवावयास आली तर? कायदा तिलाही दोन महिन्यांचा पुनर्विचाराचा काळ देतो. तत्पूर्वी समुपदेशन होते आणि पुष्कळदा असे आढळते की तिला मूल नकोसे झालेले नसते, पुढच्या महिन्याची धास्ती असते.

गावाकडून कार्यकर्त्यांची अपेक्षा फार मोठी नाही. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीची बैठक केवळ इतिवृत्तापुरती न राहता, तीत स्थलांतराला निघणाऱ्या कुटुंबांची नावे हंगामापूर्वीच चर्चेस यावीत. मूल सलग गैरहजर राहिले तर ते सध्या कोणाजवळ राहते, याची शिक्षकांनी नोंद ठेवावी. मुलाचे नाव, छायाचित्र किंवा त्याची हकीकत गावच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकू नये. चौकशीतील बालकाची ओळख उघड करण्यास कलम ७४ अन्वये मनाई आहे. कक्षाकडे माहिती कळविताना फार तपशील नसला तरी चालतो. मूल कोण, कोणाजवळ आहे आणि केव्हापासून दिसले नाही, एवढे कळले तरी कार्यकर्ती दुसऱ्या दिवशीची गाडी धरू शकते.