लेफ्टी फ्रिझेलचा गळा आणि मर्ल हॅगर्डचे गाणे

अमेरिकेतील कंट्री संगीत ही स्वरलिपीपेक्षा कानावर विसंबून वाढलेली परंपरा आहे. दक्षिणेकडील राज्यांतल्या शेतकऱ्यांची आणि मजुरांची गाणी, चर्चमधील प्रार्थनागीते आणि कृष्णवर्णीय समाजाने घडवलेला ब्लूज हा दुःखाला वाट करून देणारा गानप्रकार, अशा अनेक प्रवाहांतून हे संगीत उभे राहिले. १९२० च्या दशकात ग्रामोफोन कंपन्यांनी ते तबकड्यांवर उतरवले, आणि तेव्हापासून नवे गायक आपले शिक्षण बहुतांशी या तबकड्या पुन्हापुन्हा ऐकूनच घेऊ लागले. साहजिकच, एका कलावंताला दुसऱ्याविषयी वाटणारा आदर ही येथे केवळ भावनेची बाब राहिली नाही. गाणे शिकण्याचा तोच मुख्य मार्ग ठरला. मर्ल हॅगर्ड या गीतकार-गायकाने लेफ्टी फ्रिझेल या ज्येष्ठ गायकाविषयी आयुष्यभर जो आदर बाळगला, त्यात ही प्रक्रिया फार स्पष्टपणे पाहता येते.

विल्यम ऑर्व्हिल फ्रिझेल ऊर्फ लेफ्टी याचा जन्म १९२८ मध्ये टेक्सास राज्यातील कोर्सिकाना येथे, तेलविहिरींवर काम करणाऱ्या कुटुंबात झाला. १९५० मध्ये कोलंबिया कंपनीने त्याची पहिली तबकडी काढली. तिच्या एका बाजूला ‘इफ यू हॅव गॉट द मनी, आय हॅव गॉट द टाइम’ हे मौजमजेचे गाणे होते, तर दुसऱ्या बाजूला ‘आय लव्ह यू अ थाउजंड वेज’ हे त्याने पूर्वी तुरुंगात असताना पत्नीला उद्देशून रचलेले विरहगीत होते. आणि ही दोन्ही गाणी लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. पुढच्याच वर्षी कंट्री संगीताच्या पहिल्या दहा गाण्यांत एकाच वेळी त्याची चार गाणी होती. त्यांपैकी ‘ट्रॅव्हलिन ब्लूज’ हे मूळचे जिमी रॉजर्स याचे होते. रॉजर्स हा मिसिसिपीतला रेल्वे कामगार पुढे या संगीताचा आद्य लोकप्रिय गायक झाला आणि १९३३ मध्ये क्षयाने वारला. फ्रिझेल लहानपणी त्याच्याच तबकड्या ऐकून गायला शिकला होता, म्हणजे हॅगर्डने ज्याला गुरुस्थानी मानले, तोही मुळात कोणाचा तरी एकलव्यच होता.

फ्रिझेलचे वेगळेपण त्याच्या शब्दोच्चारात होते. त्याच्या आधीच्या पिढीतले बरेच गायक ‘हाँकी-टाँक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मद्यगृहांत गात असत, आणि तेथील गोंगाटावर मात करण्यासाठी त्यांना खणखणीत, चढ्या आवाजात गावे लागे. फ्रिझेलही अशाच मद्यगृहांतून पुढे आला. मात्र मायक्रोफोनमुळे हळू आवाजही दूरवर पोहोचतो, या सोयीचा त्याने पुरेपूर लाभ घेतला. तो शब्दातला स्वर लांबवून एका अक्षरावरून चार-पाच सुरांपर्यंत सरकत जाई, ओळीच्या शेवटी आवाज अलगद खाली सोडी आणि तालाच्या किंचित मागे राहून पुन्हा तो गाठी. भारतीय श्रोत्याला यात मींड आणि मुरकी यांची आठवण व्हावी, इतके हे वळण नाजूक असते. ‘ऑलवेज लेट’ या १९५१ च्या गाण्यात पहिलाच शब्द त्याने असा काही ताणला आहे, की वाट पाहणाऱ्या माणसाची अगतिकता अर्थ कळण्यापूर्वीच कानाला जाणवते.

हॅगर्डचा जन्म १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डजवळ ऑइलडेल येथे झाला. मंदीच्या काळात ओक्लाहोमा सोडून पश्चिमेकडे आलेल्या त्याच्या आईवडिलांनी रेल्वेच्या एका जुन्या डब्याचे घर केले होते. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले, त्यानंतर शाळेतून पळ काढणे, मालगाड्यांतून भटकणे आणि सुधारगृहाच्या वाऱ्या करणे हा त्याचा क्रमच होऊन बसला. या अस्थिर काळात त्याला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे गिटार आणि फ्रिझेलच्या तबकड्या. १९५३ च्या सुमारास फ्रिझेल बेकर्सफील्डच्या ‘रेनबो गार्डन्स’ या नृत्यगृहात कार्यक्रमासाठी आला असता, मित्रांच्या आग्रहामुळे हॅगर्डला पडद्यामागे त्याच्यासमोर गाण्याची संधी मिळाली. हुबेहूब आपल्याच ढंगात गाणारा तो सोळा वर्षांचा मुलगा ऐकून फ्रिझेलने त्याला आधी रंगमंचावर पाठवावे असा हट्ट धरला, आणि आपली गिटार व वादकही त्याच्या साथीला दिले. एका नावाजलेल्या गायकाने दाखवलेल्या या औदार्यामुळे आपणही गायक होऊ शकतो, अशी खात्री त्या मुलाच्या मनात निर्माण झाली.

तरीही पुढचा मार्ग सरळ नव्हता. चोरीच्या प्रयत्नाबद्दल हॅगर्डला सॅन क्वेंटिन तुरुंगात जावे लागले आणि तो १९६० मध्ये सुटला. तेथेच त्याने जॉनी कॅशचा कार्यक्रम पाहिला, आणि कैद्यांचा समुदाय एका गायकाच्या मुठीत कसा येतो याचा प्रत्यय घेतला. गळ्यावरचा संस्कार मात्र फ्रिझेलचाच राहिला. हॅगर्ड इतर गायकांची नक्कल करण्यात इतका पटाईत होता, की कार्यक्रमांत मार्टी रॉबिन्स, हँक स्नो यांच्यासारख्यांचे आवाज काढून तो टाळ्या घेई. पण नक्कल ही पायरी आहे, मुक्काम नव्हे, याचे भान त्याला होते. फ्रिझेलचे लांबवलेले स्वर त्याने घेतले, परंतु त्यांत ठासून भरला तो आपला अनुभव. ‘सिंग मी बॅक होम’ (१९६७) या गाण्यात फाशीकडे निघालेला कैदी आहे, तर ‘मामा ट्राइड’ (१९६८) मध्ये आईचे न ऐकल्याचा पश्चात्ताप करणारा जन्मठेपेचा कैदी आहे. स्वतः हॅगर्डला जन्मठेप झालेली नसली, तरी गाण्यामागची अपराधभावना उसनी नव्हती. फ्रिझेलच्या गायकीचा विषय मुख्यतः प्रेम आणि विरह हा होता. तीच मऊ, रेंगाळणारी गायकी तुरुंग, गरिबी आणि अंगमेहनत यांसाठी वापरता येते, हे हॅगर्डने दाखवून दिले.

आदराची परतफेड करण्याची त्याची रीतही पाहण्यासारखी आहे. १९६९ मध्ये त्याने रॉजर्सच्या गाण्यांचा संग्रह ध्वनिमुद्रित केला आणि १९७० मध्ये टेक्सासचा फिडलवादक बॉब विल्स याला संगीतांजली वाहिली. फ्रिझेल १९७५ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी पक्षाघाताने गेला, तेव्हा त्याच्या यशाचा बहर कधीच ओसरला होता. पुढे कंट्री गायक विली नेल्सनने १९७७ मध्ये ‘टू लेफ्टी फ्रॉम विली’ हा संपूर्ण संग्रह त्याच्या गाण्यांना वाहिला. फ्रिझेल आणि व्हायटी शेफर यांनी मिळून रचलेले ‘दॅट्स द वे लव्ह गोज’ हॅगर्डने १९८० च्या दशकात गायले, ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्यासाठी त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २००१ मध्ये ‘रूट्स’ या संग्रहासाठी त्याने फ्रिझेलच्या जुन्या तबकड्यांवर वाजवणारा गिटारवादक नॉर्म स्टीफन्स यालाच सोबत घेतले, आणि फ्रिझेलची गाणी आपल्या घरीच, जुन्या साध्या पद्धतीने ध्वनिमुद्रित केली. लोकप्रियतेच्या यादीत ३८ वेळा पहिला क्रमांक मिळवलेल्या गायकाला उतारवयात स्वतःच्या नव्या गाण्यांऐवजी इतरांची जुनी गाणी गावीशी वाटणे, यातच त्याची निष्ठा दिसते.

हॅगर्ड २०१६ मध्ये आपल्या ७९ व्या वाढदिवशी निवर्तला. कीथ व्हिटली, जॉर्ज स्ट्रेट, रँडी ट्रॅव्हिस या पुढील गायकांच्या गळ्यात फ्रिझेलचे वळण ऐकू येते. ते पुष्कळसे हॅगर्डच्या मार्गाने त्यांच्यापर्यंत पोहोचले आहे. कलेतील आदर खरा असेल, तर तो आधी अनुकरण करायला लावतो आणि नंतर अनुकरणाच्या पलीकडे नेतो. ‘दॅट्स द वे लव्ह गोज’ हे गाणे फ्रिझेलच्या स्वतःच्या आवाजातही उपलब्ध आहे. जिज्ञासू वाचकाने आधी ते आणि मग हॅगर्डचे ऐकावे; उसने काय घेतले आणि स्वतःचे काय घातले, हे दोन्ही त्याला वेगवेगळे ओळखता येईल.