पायांची सूज, मीठ आणि हृदयाचा निरोप

हृदय म्हणजे रक्त उपसणारा पंप, एवढेच आपण शाळेत शिकलो. हा पंप मूत्रपिंडांना निरोपही धाडतो, हे सिद्ध झाले १९८१ साली. कॅनडातील किंग्स्टन येथे अदोल्फो दे बोल्ड या मूळच्या अर्जेंटिनातील संशोधकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. थोड्याच वेळात त्या उंदरांची लघवी दहापट वाढली आणि तिच्यातून जाणारे मीठ तीसपटींहून अधिक! पुढे त्या अर्कातले संप्रेरक सापडले. त्याला एएनपी म्हणतात.

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून मूत्रपिंडांचा जमाखर्च सांगतो. ती दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, त्याबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ. त्यातले शेकडा नव्याण्णव भाग रक्तात परत जाते. अंगात मीठ-पाणी वाढले की हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि हे संप्रेरक रक्तात सुटते. ते मूत्रपिंडांना सांगते, गाळणे वाढवा, मीठ परत घेऊ नका.

मग हृदय दुबळे झालेल्या माणसाचे पाय का सुजतात? कारण मूत्रपिंडांकडे रक्त कमी येते आणि अंगातले पाणीच आटले, अशी त्यांची समजूत होते. ती मीठ धरून ठेवणारी दुसरी संप्रेरके कामाला लावतात. हृदय जोराने निरोप धाडत राहते. त्याच्या खालच्या कप्प्यांतून बीएनपी नावाचे भावंडही सुटते. पण मूत्रपिंडे ऐकेनाशी होतात. रक्तातील बीएनपी मोजून डॉक्टर हृदयाच्या दुबळेपणाचा अंदाज घेतात, तो यामुळेच.

आपल्या वस्त्यांतून मात्र पाय सुजले की अजूनही कुणी बाहेरची बाधा म्हणते, कुणी अंगारा लावते. प्रत्येक गोष्टीला कारण असते, हे तथागतांनी सांगितले. ते विहारात ऐकायचे आणि घरी भगताला बोलवायचे, हे आम्हाला पटत नाही. सूज मूत्रपिंडाच्या वा यकृताच्या आजारानेही येते, म्हणून तपासणी हवीच.

माता-भगिनींना एक सांगणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी मीठ पुरे. लोणचे, पापड, खारे बोंबील यांतले मीठही त्यातच धरावे. सैंधवही मीठच आहे. ‘कमी सोडियमचे’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. त्यातले पोटॅशियम मूत्रपिंडाच्या रोग्याला घातक ठरू शकते. सूज उतरली म्हणून लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

हृदयाच्या रोग्याचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले, तर ते मांस नव्हे, पाणी होय. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरोघरी काटा परवडत नाही, हे आम्ही जाणतो. विहारातील वर्गणीतून एक काटा घेऊन दाराशी ठेवता येईल.