तळहातावर नखाएवढा डाग

५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळुरूच्या सिटी मार्केटात विजेचे दिवे लागले. कावेरीच्या पाण्यावर शिवनसमुद्रला तयार झालेली ती वीज. त्याच शहरात १९ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे, होप फार्म चौकात, फुटपाथवर पडलेल्या जिवंत तारेवर पाय पडून एक आई गेली आणि तिच्यासोबत तिचं तान्हं बाळही. पायाखाली तार असेल, हे अंधारात कुणाच्या ध्यानात येणार?

घरातली २३० व्होल्टची वीजही पुरेशी घातक असते. कोरड्या त्वचेचा रोध लाखभर ओहम असू शकतो. तेव्हा अंगातून जेमतेम २ मिलिअँपिअर प्रवाह जातो, नुसता झटका बसतो. त्वचा ओली असली की रोध हजारावर येतो आणि प्रवाह २३० वर जातो. हृदयाची लय बिघडायला १०० सुद्धा पुरे. म्हणूनच आधी मेन स्विच बंद करायचा, त्याआधी माणसाला हात लावायचा नाही. रस्त्यावर तार तुटली असेल तर लांबच थांबून वीज कंपनीला कळवायचं. वीजपुरवठा बंद झाल्यावर श्वास थांबलेला दिसला, तर छाती दाबायला लगेच सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

जो वाचतो, त्याच्या तळहातावर कधी कधी नखाएवढाच काळा डाग असतो. त्यावर विसंबू नये. आगीत माणूस बाहेरून भाजतो; मोठ्या दाबाची वीज आतलं जाळते. हाडाचा रोध जास्त, त्यामुळे तिथे उष्णता साठते आणि हाडालगतचे स्नायू शिजतात. वरची कातडी मात्र धडधाकट. शिकागोचे डॉ. राफेल ली यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: उष्णता नसतानाही विद्युतक्षेत्र पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं.

मेलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. कॅथेटरच्या पिशवीत लघवी कोऱ्या चहासारखी दिसू लागली, की डॉक्टर सलाइनचा वेग वाढवतात. किती टक्के कातडी भाजली, या नेहमीच्या हिशेबावर इथे भागत नाही. मोठ्या माणसाला तासाला ७५ ते १०० मिलिलिटर लघवी व्हायला हवी, आणि रंग निवळेपर्यंत तो वेग राखायचा. हात सुजून टणक झाला तर स्नायूंवरचं आवरण लांबलचक चिरून आतला दाब मोकळा करावा लागतो. हे तातडीने ठरवायचं असतं; उशीर झाला तर हातच जातो.

जखमा भरून रुग्ण घरी जातो. काही महिन्यांनी त्याला अंधुक दिसू लागतं. वय तिशीचं, आणि डोळ्यात मोतीबिंदू.