काफ्रियाल ते पेरी पेरी : आफ्रिकी-पोर्तुगीज खानपानाची ओळख

आफ्रिकी-पोर्तुगीज उपाहारगृह म्हणजे दोन देशांचे पदार्थ एका मेनूकार्डावर आणणारे ठिकाण, असा समज सहज होतो. परंतु या खाद्यपरंपरेचा इतिहास पाहिला तर ती कोणा दोघांच्या स्वयंपाकघरांची बेरीज नसून लिस्बन, मोझांबिक, गोवा आणि मकाव यांना जोडणाऱ्या सागरी मार्गावर घडलेली आहे, आणि त्या मार्गाच्या पूर्वेकडील कारभाराचे केंद्र दीर्घकाळ गोवा हेच होते, हे ध्यानात येते. नागपुरात धरमपेठेपासून सदरपर्यंतच्या कॅफेंमध्ये फ्राइज, मोमो आणि पनीर यांवर भुरभुरला जाणारा ‘पेरी पेरी’ मसाला हा याच परंपरेचा सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत विरळ झालेला अंश होय.

वास्को द गामाची जहाजे १४९८ च्या मार्चमध्ये मोझांबिक बेटावर आणि मे महिन्यात कालिकतजवळ पोहोचली. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकल्यानंतर तेथून ‘एस्तादो दा इंडिया’चा, म्हणजे पूर्व आफ्रिकेपासून अतिपूर्वेपर्यंत पसरलेल्या पोर्तुगीज ठाण्यांचा, कारभार चालू लागला, मोझांबिकही १७५२ पर्यंत गोव्याच्याच अधिकाराखाली होते. मिरची ही मूळची अमेरिका खंडातली वनस्पती असून पोर्तुगीज व्यापारामुळे ती आफ्रिकेच्या आणि भारताच्या किनाऱ्यांवर आली. आग्नेय आफ्रिकेत तिची लहान, टोकदार आणि अतितिखट जात रुजली, आणि तीच पुढे पिरी पिरी, म्हणजेच पेरी पेरी, या नावाने ओळखली जाऊ लागली. याच व्यापाराच्या जहाजांतून आफ्रिकी माणसेही गोव्यात आणली गेली, ती बहुतांशी गुलाम आणि सैनिक म्हणून. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली ती १८६९ मध्ये. ‘काफ्र’ हा पोर्तुगीजांनी काळ्या आफ्रिकी लोकांना लावलेला हिणवणारा शब्द. त्यावरून, ‘त्यांच्या पद्धतीची’ या अर्थाने, कोंबडीच्या पदार्थाला काफ्रियाल हे नाव पडले. गोव्याच्या प्रतिष्ठित मेजवान्यांत आज मानाने वाढल्या जाणाऱ्या या पदार्थाच्या नावातच सत्तेची उतरंड जपली गेली आहे.

मोझांबिकमधील काफ्रियाल आणि गोव्यातील काफ्रियाल यांत मात्र पुष्कळ अंतर पडले आहे. मोझांबिकमध्ये कोंबडी मधोमध चिरून सपाट उघडली जाते, तिला लसूण, मीठ, लिंबाचा रस आणि पिरी पिरी चोळली जाते आणि कोळशाच्या निखाऱ्यावर भाजताना तिच्यावर मसाल्याचे तेल पुनःपुन्हा फासले जाते. गोव्यात त्याच कल्पनेला हिरवे रूप मिळाले. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आले, लसूण, जिरे, मिरी, लवंग आणि दालचिनी यांचे वाटण लिंबाच्या रसात किंवा माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्यात सैल केले जाते, काही घरांत त्यात थोडी रमही पडते. तंगड्यांना हाडापर्यंत खोल चिरा देऊन हे वाटण त्यांत भरले जाते आणि काही तास मुरल्यावर त्या थोड्या तेलात परतल्या जातात. चिरा देण्यामागे कारण आहे : आंबटपणा आणि मसाला मांसात वरवरच शिरतात, म्हणून पृष्ठभागच वाढवावा लागतो. सोबत बटाट्याच्या तळलेल्या फोडी, कांद्याच्या चकत्या, लिंबू आणि ताटात उरलेले वाटण पुसून घेण्यासाठी पाव असतो. साळगावचे ‘फ्लोरेंटाइन’ या एका पदार्थासाठीच प्रसिद्ध आहे.

ही देवघेव एकतर्फी नव्हती. नोकरी आणि व्यापारासाठी मोझांबिकमध्ये गेलेल्या गोमंतकीयांबरोबर आणि इतर भारतीयांबरोबर कालवणही तिकडे पोहोचले. शेंगदाण्याच्या किंवा खेकड्याच्या रश्शाला तेथे आजही ‘कारील’ म्हणतात, आणि समोसा ‘शामुसा’ होऊन मोझांबिकप्रमाणेच लिस्बनच्या कॅफेंतही स्थिरावला. मकावमधील ‘गालिन्या आफ्रिकाना’ या कोंबडीच्या पदार्थात पिरी पिरीच्या जोडीला नारळ येतो, तोही याच मार्गाचा पुरावा मानता येईल.

या खाद्यप्रकाराला आजच्या उपाहारगृहाचे स्वरूप लाभले ते साम्राज्य मोडल्यानंतर. मोझांबिक आणि अंगोला १९७५ मध्ये स्वतंत्र झाले, आणि तेथील अनेक पोर्तुगीज कुटुंबे दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाली. जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल या पोर्तुगीज वस्तीच्या उपनगरात फर्नांडो दुआर्ते आणि रॉबर्ट ब्रोझिन यांनी १९८७ मध्ये ‘चिकनलँड’ नावाचे छोटे उपाहारगृह विकत घेऊन ‘नँडोज’ची सुरुवात केली. मुरवलेली कोंबडी जाळावर भाजणे आणि तिखटाच्या चढत्या पायऱ्यांतून ग्राहकाला निवड करू देणे या दोन गोष्टींवर ही साखळी जगभर पसरली. बाटलीबंद सॉस आणि त्यानंतर कोरडी भुकटी ही त्या प्रसाराची पुढची पावले होत, आणि नागपूरला पोहोचली ती प्रामुख्याने भुकटीच.

तिखट नागपूरला नवे नाही. जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून बाहेर आलेला सावजी रस्सा तर तिखटाच्याच नावाने ओळखला जातो. सावजी आणि काफ्रियाल यांची रीत मात्र वेगळी आहे. सावजीचे तिखट सुके खोबरे, खसखस, दगडफूल आणि मिरी यांच्या भाजून वाटलेल्या मसाल्यातून आणि वर तरंगणाऱ्या तर्रीतून येते. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून तर्री जितकी जाड तितका ठसका मोठा. काफ्रियालमध्ये वाटण कच्चे असते, रस्सा नसतो, आणि तिखटाला तोलून धरण्याचे काम लिंबू किंवा शिरका करतो.

विदर्भात या पाकशैलीचे उपाहारगृह उभे राहायचे झाल्यास सामग्रीची अडचण फारशी नाही : मिरची, कागदी लिंबू, कोथिंबीर आणि शेंगदाणे येथलेच आहेत, फक्त माडाचा शिरका गोव्याहून आणावा लागेल. अडचण सवयीची आहे. स्थानिक जिभेला रुचावे म्हणून पेरी पेरीत मिरची वाढवली जाते आणि आंबट मुरवणीचे वेळखाऊ काम वगळले जाते. त्यामुळे फ्राइज झणझणीत होतात, पण मोझांबिकपासून गोव्यापर्यंतच्या प्रत्येक रूपात टिकलेला आंबटपणा तेवढा गळून जातो. असा पदार्थ पारखताना नागपूरच्या खवय्याने प्रथम तिखट किती हे न पाहता लिंबू किंवा शिरका हाडाजवळच्या घासापर्यंत पोहोचला आहे का, हे पाहावे. तिखटाची पारख तर त्याला उपजतच आहे.