बोटांच्या बेचक्यात

मानवी गर्भाच्या सहाव्या आठवड्यात हाताला सुटी बोटे नसतात. असतो एक चपटा, वल्ह्यासारखा पंजा. त्यात कूर्चेच्या पाच रेघा उमटलेल्या असतात आणि मधली जागा सलग भरलेली असते. पुढच्या दोन आठवड्यांत बेचक्यांतल्या पेशी मरतात आणि बोटे मोकळी होतात.

हे डोळ्यांनी पाहायला कोंबडीचे अंडे सोयीचे. उबवणीच्या साधारण आठव्या दिवशी भ्रूणाच्या पायाला न्यूट्रल रेड हा रंग दिला, की बेचक्यांत मरणाऱ्या पेशी दाखवणारे लाल ठिपके दाटतात. बोटांच्या कूर्चेत ते जवळपास नसतात. मरणाऱ्या पेशी फुटून सांडत नाहीत; त्या आक्रसतात, त्यांचे तुकडे होतात आणि इतर पेशी ते गिळतात. जागा स्वच्छ राहते, सूज येत नाही. 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी अशा मृत्यूला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले.

या मृत्यूचा संदेश देणाऱ्या प्रथिनांत बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, म्हणजे बीएमपी, प्रमुख. 1996 मध्ये झोऊ आणि निस्वँडर यांनी कोंबडीच्या पायात बीएमपीचा निकामी ग्राहक घातला. संदेश पेशीच्या आत पोहोचेना. बेचक्यांतला पडदा तसाच राहिला आणि पायावरच्या काही खवल्यांच्या जागी पिसे आली. नवल असे, की हेच बीएमपी शेजारच्या बोटात कूर्चा घडवायला लागते. मृत्यू या प्रथिनात लिहिलेला नसतो. ते ऐकणारी पेशी कुठली आणि तिच्याभोवती आणखी कोणते संदेश आहेत, यावर सारे ठरते.

त्यांतला एक संदेश एफजीएफ-8 चा. पंजाच्या टोकावरच्या त्वचेच्या कडेतून तो येतो आणि पेशींना जगवतो. उंदरांत बीएमपी मुख्यतः याच कडेवर काम करते: एफजीएफ आटते आणि खालच्या पेशींचा आधार जातो.

पुढचे काम पेशीच्या आतले. बॅक्स आणि बॅक ही प्रथिने मायटोकॉन्ड्रियाच्या पटलाला छिद्रे पाडतात, सायटोक्रोम-सी बाहेर येते, त्यातून कॅस्पेज ही विकरे जागी होतात आणि पेशीचा सांगाडा कापत सुटतात. बॅक्स आणि बॅक दोन्ही नसलेली उंदरांची बहुतेक पिल्ले जन्माच्या सुमारास दगावतात. जी जगतात त्यांच्या बोटांमध्ये पडदे राहतात.

बदकाच्या पायात बीएमपी असतेच, पण बेचक्यात ग्रेम्लिन हे प्रथिन त्याला अडवून धरते. ग्रेम्लिनमध्ये भिजवलेला मणी कोंबडीच्या बेचक्यात ठेवला, तर तिथेही पडदा टिकतो. वटवाघळाच्या पंखात ग्रेम्लिन आणि एफजीएफ-8 दोन्ही आढळतात.

बीएमपीला रोखण्याची ही युक्ती बोटांहून कितीतरी जुनी आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2010 मध्ये हायड्रातून नॉगिन या दुसऱ्या बीएमपीरोधकाचे जनुक वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. बेडकाच्या भ्रूणात टोचल्यावर त्याने शरीराचा दुसरा अक्ष उभा केला. हात-पाय नसलेल्या, बोटभरही लांब नसलेल्या या जिवाचे प्रथिन बेडकाच्या पेशींना कळते, ही साधी गोष्ट नाही.

पेशी मज्जारज्जूतही अशाच मरतात, पण नियम निराळा. तिथे चेतापेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि ज्यांना स्नायूंकडून जगवणारी प्रथिने पुरेशी मिळत नाहीत त्या मरतात. कोंबडीच्या भ्रूणात पायाचा अंकुर काढला, तर त्या पायासाठीच्या जवळजवळ सगळ्या कारक चेतापेशी जातात. जास्तीचा अंकुर जोडला, तर एरवी मेल्या असत्या अशा काही वाचतात.